फळं-भाज्यांच्या कॅलरी मोजायच्या का? मोजायच्या तर कुठल्या आणि कशा

कॅलरी मोजायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न येतोच येतो. दोन काकड्या खाल्ल्या, लिहायच्या का? टोमॅटोच्या चार फोडी? सफरचंद? कोणी म्हणतं फळं-भाज्या फ्री असतात, बिनधास्त खा, कोणी म्हणतं कोथिंबिरीची काडीसुद्धा लिहा नाहीतर हिशोब चुकला. दोघांचंही ऐकू नका.

सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. पालेभाज्या आणि पाणीदार भाज्या एकेक करून मोजत बसू नका, त्या सगळ्यांसाठी मिळून रोज एकच ठरलेला आकडा लिहा. बटाटा, रताळं, मका, मटार मोजा. फळं मोजा, सगळीच. मनुका, खजूर, ज्यूस, स्मूदी, ॲव्होकाडो, खोबरं हे काट्यावर ठेवून मोजा. आणि भाजीत जे तेल, बटर, क्रीम, ड्रेसिंग पडतं ते कुठल्याही परिस्थितीत मोजा, बाकी काही नाही मोजलं तरी चालेल पण हे सोडू नका. एवढंच वाचून कामाला लागलात तरी चालेल, पण हे असं का ते कळलं तर आपल्या खाण्याप्रमाणे नियम थोडा वाकवता येतो.

भाज्यांमध्ये आहे काय

बहुतेक भाज्या म्हणजे पाणीच. काकडीत ९५ टक्के पाणी, टोमॅटोत जवळपास तेवढंच, पालकात ९१ टक्के. पाण्याला कॅलरी नसतात, त्यामुळे १०० ग्रॅम काकडीत साधारण १५ कॅलरी, टोमॅटोत १८, पालकात २३, वांगं, कोबी, फ्लॉवर २५ च्या आसपास, भेंडी ३३, ब्रोकोली ३४. मशरूम २२. कांदा आणि गाजर थोडे वर, ४० च्या आसपास, आणि बीट ४३. आता १०० ग्रॅम काकडी, १०० ग्रॅम टोमॅटो, १०० ग्रॅम कोबी आणि १०० ग्रॅम फ्लॉवर असं दिवसभरात खाल्लं, म्हणजे चांगला ढीग झाला, तर सगळं मिळून ८३ कॅलरी. एक मोठा चमचा (१५ मिली) तेल म्हणजे १२० कॅलरी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, सगळा विषय त्यात आला.

म्हणजे भाज्यांच्या कॅलरी शून्य नसतात, पण त्यात चूक झाली तरी ती चूक छोटीच राहते. टोमॅटो १०० ग्रॅम लिहिला आणि निघाला १६० तर फरक ११ कॅलरीचा. हा फरक शोधायला काटा काढायचा, भांडं शून्यावर आणायचं, ॲप उघडायचं, लिस्टमधून टोमॅटो निवडायचा, आणि हे दिवसातून पाच-सहा वेळा, तर माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सगळंच मोजणं सोडून देतो. किंवा त्याहून वाईट, भाजीच कमी खायला लागतो कारण एकच आयटम लिहायला लागणारं बिस्किट सोपं वाटतं आणि सात भाज्यांचं सलाड म्हणजे सात एंट्र्या. हे खरंच होतं लोकांचं. वजन कमी करायला निघालेला माणूस लिहायच्या आळसापायी सलाड टाळतो, याला काय म्हणावं.

आणि ते ‘सेलरी खाल्ली की पचवायलाच जास्त कॅलरी जातात’ वगैरे जे फिरत असतं ते सोडून द्या. पचनाला ऊर्जा लागते हे खरं, पण कर्बोदकांच्या बाबतीत ती खाल्लेल्या कॅलरीच्या साधारण ५ ते १० टक्के असते, १०० टक्क्यांच्या वर नाही जात. उणे कॅलरीची भाजी नसते. कमी कॅलरीची असते, ते पुरेसं आहे की.

बटाटा आणि त्याचे भाऊबंद

१०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात ७७ कॅलरी, रताळ्यात ८६, मटारात ८१, मक्याच्या दाण्यांतही ८६ च्या आसपास. काकडीच्या पाचपट. या भाज्या वाईट नाहीत, फक्त यांना भाजीच्या नाही तर धान्याच्या रांगेत बसवायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, त्यातसुद्धा बटाटा आणि तसले पिठूळ कंद धरत नाहीत.

पण बटाट्याची एक बाजू सांगायलाच पाहिजे, कारण डाएट म्हटलं की लोक पहिला त्यालाच हाकलतात. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे पदार्थ सारख्याच, म्हणजे २४० कॅलरीच्या मापात लोकांना देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते तपासलं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, यादीत सगळ्यात वर. संत्रं २०२, सफरचंद १९७, द्राक्षं १६२, केळं ११८. क्रोसाँ सगळ्यात खाली, ४७. म्हणजे उकडलेला बटाटा मोजा आणि खुशाल खा, पोट भरतं. तोच बटाटा तळला की १०० ग्रॅमला ३१२ च्या आसपास जातो, चिप्स केले की ५३० च्या वर, आणि मग दोष बटाट्याला. पाणी गेलं आणि तेल आलं, एवढंच झालेलं असतं त्यात.

फळं: इथे फ्री म्हणणारे फसतात

फळांच्या बाबतीत मी थोडा कडक आहे. फळ चांगलंच आहे, खायलाच पाहिजे, पण फळ फ्री नाही. १०० ग्रॅमला कलिंगड ३०, स्ट्रॉबेरी ३२, पपई ४३, संत्रं ४७, अननस ५०, सफरचंद ५२, आंबा ६०, पेरू ६८, द्राक्षं ६९, डाळिंबाचे दाणे ८३, केळं ८९. कलिंगड आणि केळं यांच्यात तिप्पट फरक आहे, तेव्हा ‘एक वाटी फळं’ अशी एंट्री करून काही उपयोग नाही.

समजा दिवसात एक मध्यम केळं, २०० ग्रॅम द्राक्षं आणि २०० ग्रॅम आंबा खाल्ला. केळं १०५, द्राक्षं १३८, आंबा १२०. झाले ३६३. हे जर ‘फळ आहे, चालतं’ म्हणून लिहिलंच नाही आणि तुमची रोजची तूट (खर्चापेक्षा जेवढ्या कॅलरी कमी खायच्या त्या) ५०० ची ठरवलेली आहे, तर त्यातली जवळपास तीन चतुर्थांश गेली. आठवड्याला अडीच हजार कॅलरी. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे आठवड्याला एक तृतीयांश किलो वजन जे उतरायला हवं होतं ते उतरलं नाही, आणि माणूस म्हणतो माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे.

उलट बाजूने बघायचं तर ज्याला दिवसाला एखादं सफरचंद किंवा संत्रं एवढंच खायची सवय आहे, रोज साधारण तेवढंच, त्याने नाही मोजलं तरी आभाळ कोसळत नाही. रोजचे ७०-८० कॅलरी, रोज तेवढेच. गडबड होते ती फळं कमी-जास्त खाणाऱ्यांची, सोमवारी एक संत्रं आणि रविवारी अर्धं कलिंगड.

फळ अख्खं खाल्लं, कुस्करून खाल्लं की पिलं यानेही फरक पडतो, आणि हा फरक कॅलरीच्या आकड्यात दिसत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २००९ मध्ये जेवणाआधी लोकांना सफरचंद वेगवेगळ्या रूपात दिलं, अख्ख्या फोडी, शिजवून केलेला गर, आणि ज्यूस. फोडी खाल्लेल्यांनी, त्या फोडींच्या कॅलरी धरूनसुद्धा, जेवणात काहीच आधी न खाल्लेल्यांपेक्षा साधारण १५ टक्के कमी कॅलरी खाल्ल्या. ज्यूसने तसं झालं नाही. त्यामुळे माझा नियम असा की चावून खायचं फळ अंदाजे मोजलं तरी चालेल, पण प्यायचं फळ मात्र नीट मोजा. २५० मिली संत्र्याचा ज्यूस म्हणजे ११० च्या वर कॅलरी, आणि तो दोन मिनिटांत संपतो, तेवढीच संत्री सोलून खायला बसलात तर दोननंतर हात थांबतो. स्मूदीचं तर विचारूच नका, केळं, आंबा, दूध, वर पीनट बटर, वर मध, हे एक जेवण आहे ग्लासातलं.

सुकवलेली फळं हा आणखी वेगळा प्रकार. द्राक्षात ८१ टक्के पाणी, मनुकेत १५ च्या आसपास. त्यामुळे १०० ग्रॅमला ६९ वरून थेट ३०० च्या आसपास. खजूरही मऊ मेदजूलसारखा असेल तर २७७. मूठभर मनुका हा शब्दच धोक्याचा आहे, मुठी सगळ्यांच्या सारख्या नसतात आणि दुसरी मूठ कधी घेतली ते लक्षात राहत नाही. आणि दोन जण जे फळांच्या रांगेत उभे असतात पण आहेत चरबीवाले: ॲव्होकाडो १०० ग्रॅमला १६०, आणि ओलं खोबरं ३५४. यांना काटा.

तेलाचं वेगळं

खरं तर ‘भाज्या मोजू का’ असं विचारणाऱ्याला उलट विचारायला पाहिजे की भाजीतलं तेल मोजताय का. १०० ग्रॅम तेलात ८८४ कॅलरी. यापेक्षा दाट खाणं जवळपास नाहीच. एक लहान चमचा ४०, मोठा चमचा १२०, आणि बाटलीतून डोळ्यांनी अंदाज घेऊन ओतलेली धार म्हणजे देव जाणे.

एक हिशोब करून दाखवतो. ६०० ग्रॅम फ्लॉवर (१५० कॅलरी), ३०० ग्रॅम बटाटा (२३१), १०० ग्रॅम कांदा (४०) आणि तीन मोठे चमचे तेल (३६०). एकूण ७८१. शिजून सगळं मिळून ८५० ग्रॅम भरलं असं धरू. म्हणजे १०० ग्रॅमला ९२ कॅलरी. तुम्ही २०० ग्रॅम घेतली तर १८४, आणि त्यातल्या ८५ नुसत्या तेलाच्या. चार चमच्यांऐवजी तीन, तिनाऐवजी दोन एवढ्यानेच फरक पडतो, फ्लॉवर ६०० ची ७०० ग्रॅम झाली तर २५ कॅलरी वाढतात आणि त्याही पूर्ण कढईभर.

तेल मोजायची सोपी पद्धत: काट्यावर तेलाची बाटलीच ठेवा, शून्य करा, तेल ओता, बाटली परत काट्यावर ठेवा. जो उणे आकडा दिसेल तेवढे ग्रॅम तेल गेलं, त्याला ९ ने गुणा. चमचा चिकट होत नाही, धुवायला लागत नाही. सलाडवरच्या ड्रेसिंगलाही हेच. मेयॉनेज किंवा क्रीमवालं ड्रेसिंग घातलेल्या सलाडमध्ये पानं हा फक्त बहाणा असतो.

१९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, फार मोठा नाही, दहाच माणसं, पण गाजला. ‘मी १२०० च्या आतच खातो तरी वजन उतरत नाही’ असं सांगणारे हे लोक होते. त्यांचं खरं खाणं मोजलं तर ते सांगत होते त्यापेक्षा खूप जास्त निघालं, सरासरी ४७ टक्के कॅलरी सांगण्यातून सुटत होत्या. आणि ते खोटं बोलत होते अशातला भाग नाही. आता एवढा मोठा आकडा काही काकडी-टोमॅटोतून सुटत नाही, माझं मत असं की तो तेल, गोड, पेयं आणि उभ्या-उभ्या तोंडात टाकलेल्या गोष्टींतून सुटतो. म्हणून मोजायची मेहनत तिकडे लावा.

ठरलेला आकडा कसा काढायचा

आता वर जे म्हटलं की भाज्यांसाठी रोज एकच आकडा लिहा, तो काढायचा कसा. एक आठवडा, फक्त एक, सगळ्या पाणीदार भाज्या खरोखर काट्यावर मोजा. प्रत्येक भाजीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, दिवसभराचे एकूण ग्रॅम हवेत. आठवड्याची सरासरी काढा. त्या ग्रॅमांना १०० ला २५ कॅलरी या दराने गुणा, गाजर-बीट-कांदा जास्त असेल तर ३० ने. रोज ४०० ग्रॅम खात असाल तर १०० कॅलरी. मग ॲपमध्ये ‘रोजच्या भाज्या’ नावाचा स्वतःचा एक पदार्थ बनवा, १०० कॅलरीचा, आणि रोज सकाळी पहिल्यांदा तोच टाकून द्या. दिवसभर पुन्हा त्या विषयाकडे बघायचं नाही.

याचा आणखी एक फायदा आहे जो लोकांच्या लक्षात येत नाही. १०० कॅलरी आधीच खर्ची पडल्या, आता भाजी खाल्ली काय न खाल्ली काय, ते बजेट परत मिळत नाही. मग आपोआप खाल्ली जाते. जे लोक भाजी वाचवून त्या कॅलरीत चॉकलेट बसवायचा खेळ करतात (करतात बरं का, पुष्कळ जण) त्यांना हे बरोबर लागू पडतं.

दिवसाला किलोभर भाज्या खाणारे असतात, पोट भरायला म्हणून, त्यांचा आकडा २५० पर्यंत जातो, तो मात्र धरायलाच हवा. आणि उंचीने लहान, कमी कॅलरीवर असलेल्या लोकांनीही थोडं जास्त सांभाळून, कारण १४०० च्या बजेटमध्ये १०० म्हणजे सात टक्के, २४०० वाल्याला तेच चार टक्के.

वजन कुठलं धरायचं, कच्चं की शिजलेलं

कच्चं. शक्य असेल तेव्हा कच्चंच. शिजताना भाजीतलं पाणी जातं, मशरूम आणि पालक तर खूपच आटतात, पण कॅलरी तेवढ्याच राहतात, त्यामुळे शिजलेलं वजन घेऊन कच्च्याच्या एंट्रीत टाकलं की कमी मोजलं जातं. उलट बटाटा उकडला की वजन फारसं हलत नाही, भाजला की हलतं. एवढं डोक्यात ठेवण्यापेक्षा कच्चं वजन घ्या, ॲपमध्ये ‘कच्चा’ लिहिलेली एंट्री निवडा, विषय संपला.

बऱ्याच जणांसाठी एकत्र स्वयंपाक होत असेल तर वर फ्लॉवर-बटाट्याचा जो हिशोब केला तसाच करायचा: कच्च्याची बेरीज, शिजल्यावर भांड्यासकट वजन, त्यातून रिकाम्या भांड्याचं वजन वजा, मग १०० ग्रॅमला किती ते काढा आणि आपल्या वाट्याला गुणा. घरातल्या दोन-तीन नेहमीच्या भांड्यांची रिकामी वजनं एकदाच घेऊन फोनमध्ये लिहून ठेवा, दर वेळी भांडं रिकामं करायची वाट बघायला लागत नाही.

साल आणि बी. एंट्री जवळपास नेहमी खायच्या भागाची असते, सालीसकट नाही. केळ्याच्या वजनात साधारण एक तृतीयांश साल असते, आंब्यात साल आणि कोय मिळून ३० टक्क्यांच्या आसपास, संत्र्यात पाव भाग, कलिंगडात तर निम्म्यापर्यंत जातं. म्हणून अख्खं कलिंगड काट्यावर ठेवून घाबरू नका. सगळ्यात सोपं म्हणजे फळ आधी मोजायचं, खायचं, मग साल-कोय मोजायची आणि वजा करायची. रोज नाही करायचं हे, प्रत्येक फळाचं दोन-तीनदा केलं की डोळा बसतो.

आणि ‘१ मध्यम’ ही एंट्री. अमेरिकी कृषी खात्याच्या यादीत मध्यम सफरचंद म्हणजे १८२ ग्रॅम, ९५ कॅलरी, मध्यम केळं म्हणजे सोललेलं ११८ ग्रॅम, १०५ कॅलरी. तुमच्याकडचं केळं त्याच्या निम्मं असू शकतं. एकदा मोजून बघा की आपल्याकडे येणारं फळ त्या मध्यमच्या किती जवळ आहे, मग पुढे नगावर लिहायला हरकत नाही.

ॲपमधले गोंधळ

बहुतेक मोठ्या ॲप्समध्ये पदार्थ वापरणाऱ्यांनीच भरलेले असतात, त्यामुळे एकाच सफरचंदाच्या वीस एंट्र्या दिसतात आणि त्यातली एखादी १०० ग्रॅमला १२ कॅलरी सांगते. कमी दिसते म्हणून ती निवडू नका. शंका आली तर अमेरिकी कृषी खात्याचा फूडडेटा सेंट्रल हा डेटाबेस फुकट आहे, तिथला १०० ग्रॅमचा आकडा बघायचा, आणि नेहमी लागणाऱ्या १५-२० गोष्टी स्वतःच्या यादीत नीट भरून ठेवायच्या.

आणखी एक गोष्ट जी हिशोबी लोकांना छळते. ब्रोकोलीची एंट्री बघा: १०० ग्रॅमला प्रोटीन २.८, फॅट ०.४, कार्ब्ज ६.६. प्रोटीन आणि कार्ब्ज गुणिले चार, फॅट गुणिले नऊ असं केलं की ४१ येतात, पण लिहिलंय ३४. चूक नाही ती. चार-चार-नऊ हे सरसकट आकडे आहेत, भाजीतल्या कार्ब्जमधला बराच भाग फायबर असतो आणि त्यातून शरीराला ग्रॅममागे चार नाही, दोनच्या आसपास मिळतात, आणि त्या डेटाबेसमध्ये भाज्यांना वेगळे, कमी गुणांक लावलेले असतात. तेव्हा लिहिलेला कॅलरीचा आकडा घ्या आणि वर परत स्वतः फायबर वजा करू नका, एकदा झालेलं असतं ते.

तरीही हे सगळे आकडे सरासरीचेच. गोड आंबा आणि आंबट आंबा एकच आकडा घेऊन बसतात. पाकिटावर छापलेल्या कॅलरीसुद्धा अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे प्रत्यक्षात २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी चालतात. मग काकडीच्या तीन कॅलरीवर वाद कशाला.

‘आमच्या प्लॅनमध्ये फळं झिरो आहेत’

वेट वॉचर्स या वजन कमी करायचे प्लॅन विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०१० च्या शेवटी पॉइंट्सची नवी पद्धत आणली तेव्हा बहुतेक ताजी फळं शून्य पॉइंटची केली, भाज्या बऱ्याचशा आधीपासूनच तशा होत्या. तिथून ‘फळं मोजायची नसतात’ ही गोष्ट खूप पसरली. पण अशा प्लॅनमध्ये तुम्हाला दिलेलं बाकीचं बजेट फळं-भाज्या खाल्ल्या जाणार हे धरूनच ठरवावं लागतं. त्या कॅलरी नाहीशा होत नाहीत, आधीच कापून घेतलेल्या असतात. तुम्ही जर ऑनलाइन कॅल्क्युलेटरवरून १८०० चा आकडा घेतला असेल तर तो सगळं धरून १८०० आहे, त्यात काही कापलेलं नाही. त्याच्यावर ‘फळं झिरो’ हा नियम चिकटवला की दोन वेगळ्या पद्धतींची खिचडी होते आणि वजन तिथेच थांबतं. प्लॅन पाळायचा तर पूर्ण पाळा, नाहीतर मोजा.

आपला नियम बरोबर आहे का ते कळणार कसं

वजनाच्या काट्यावरून, दुसरं काही नाही. कॅल्क्युलेटरने दिलेला रोजचा खर्च हाही अंदाजच असतो, खूप वापरलं जाणारं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र (१९९० चं) घेतलं तरी माणसामाणसात दहा टक्के इकडे-तिकडे सहज होतात, म्हणजे २००० मध्ये २००. तुमच्या भाज्यांपेक्षा मोठी चूक टार्गेटमध्येच बसलेली असू शकते. म्हणून एक पद्धत ठरवा, ती तीन-चार आठवडे बदलू नका, वजन रोज सकाळी एकाच वेळी घ्या आणि आठवड्याच्या सरासरीची तुलना करा. हवं तेवढं उतरतंय? मग पद्धत बरोबर, कोणी काही म्हणो. उतरत नाहीये? तर आधी तेल तपासा, मग फळं आणि पेयं, मग बटाटा-मका, आणि सगळ्यात शेवटी टार्गेट १००-१५० ने खाली आणा. काकडी मोजायला लागणं या यादीत नाहीच.

मधेच नियम बदलायचा नाही हे महत्त्वाचं. या आठवड्यात फळं लिहिली, पुढच्यात नाही लिहिली, तिसऱ्यात अर्धी लिहिली, तर काट्यावर जे दिसतंय ते कशामुळे हे कधीच कळत नाही. रोज ८० कॅलरी चुकत असतील पण रोज ८०च चुकत असतील तर टार्गेट आपोआप त्याला जुळवून घेता येतं.

कोणी हे वेगळं करायचं

डायबेटिस असेल, त्यातून इन्सुलिन चालू असेल, तर फळं आणि पिठूळ भाज्या मोजाव्याच लागतात आणि त्याही कॅलरीसाठी नाही तर कार्ब्जसाठी, ते डॉक्टर किंवा डाएटिशियन सांगतील तसं, वरचा ठोक आकडा तिथे लावू नका. किडनीचा त्रास असणाऱ्यांना पोटॅशियममुळे कुठली भाजी-फळं किती हे वेगळंच सांगितलेलं असतं. कीटो (कार्ब्ज अगदी कमी ठेवायचं डाएट) करणाऱ्यांचाही हिशोब निराळा, त्यांना कांदा-गाजरसुद्धा बघावं लागतं. आणि ज्यांना लिहिलं नाही तर घास उतरत नाही, पाहुण्यांकडे काटा घेऊन जावंसं वाटतं, एक द्राक्ष जास्त गेलं तर दिवस खराब होतो, त्यांनी भाज्याच काय, काही काळ काहीच मोजू नये आणि कोणाशी तरी बोलावं. खाण्याच्या विकारातून गेलेल्यांनी तर मोजायला सुरुवात करायच्या आधीच डॉक्टरांना विचारावं.

वजन हवं तिथे आल्यावर मोजणं हळूहळू सोडायचं असेल तर क्रमही हाच ठेवा. पहिल्यांदा ‘रोजच्या भाज्या’वाली एंट्री काढून टाका आणि टार्गेटमधून तेवढ्या कॅलरी कमी करा. महिनाभर वजन स्थिर राहिलं की रोजची ठरलेली एक-दोन फळं अशीच काढा. मग बटाटा-मका. तेलाची बाटली काट्यावर ठेवायची सवय मात्र सगळ्यात शेवटी सोडा, किंवा नाही सोडली तरी चालेल, दहा सेकंदांचं काम आहे.